डार्कची ‘राउंड द एजेस’ : साठेक प्रतींच्या एका रेकॉर्डबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हार्ड रॉकच्या गप्पांत हे नाव निघालं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात, आणि शेवट हमखास किमतीवर होतो. मला किमतीपेक्षा बाकीचं जास्त सांगायचं असतं. त्यामुळे सगळी उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवली आहेत.

कुठली रेकॉर्ड ही?

डार्क हा इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनचा बँड. १९७२ साली त्यांनी गावातल्याच एस.आय.एस. नावाच्या छोट्या स्टुडिओत सहा गाणी रेकॉर्ड केली आणि त्यांची एक एलपी काढली. तीच ‘राउंड द एजेस’. प्रती निघाल्या साठच्या आसपास. त्या दुकानात गेल्या नाहीत. घरच्यांना आणि मित्रमंडळींना वाटल्या गेल्या. बँड तसाही मोडण्याच्या बेतात होता. जाता जाता एक आठवण हातात असावी, एवढाच हेतू होता.

‘प्रायव्हेट प्रेस’ म्हणजे काय?

आपल्याकडचा स्वखर्चाने छापलेला कवितासंग्रह डोळ्यांपुढे आणा. प्रकाशक नाही, वितरक नाही. कवी पीएफमधून पैसे काढतो, ओळखीच्या प्रेसमध्ये जातो, मुखपृष्ठ भाच्याकडून काढून घेतो, आणि पुढची दहा वर्षं लग्नामुंजीत प्रती भेट देतो. प्रायव्हेट प्रेस रेकॉर्ड म्हणजे हेच, फक्त कागदाऐवजी विनाइलवर, म्हणजे रेकॉर्डच्या प्लास्टिकवर. पैसे बँडचे आणि निर्णयही बँडचा. कुठल्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना पसंत केलेलं नसतं.

एक फरक मात्र आहे. कवितासंग्रह काढणाऱ्याला मनातून वाटत असतं की कुणीतरी परीक्षण लिहील. साठ प्रती काढणाऱ्याला तसं काही वाटत नसावं. साठ म्हणजे लग्नाच्या आमंत्रणांची यादीसुद्धा नव्हे, साखरपुड्याची.

साठच का? शंभर-दोनशे तरी काढायच्या!

इथे थोडं सरकारी काम समजून घ्यावं लागेल. ब्रिटनमध्ये तेव्हा ‘पर्चेस टॅक्स’ म्हणजे खरेदीकर होता. १९४० साली, ऐन युद्धात, चैनीच्या समजल्या जाणाऱ्या वस्तूंवर तो बसवला गेला, आणि ग्रामोफोन रेकॉर्डही त्या यादीत होती. घाऊक पातळीवरच हा कर लागायचा, म्हणजे माल विकला जावो न जावो, हिशेब द्यावा लागे. पण शंभरपेक्षा कमी प्रती काढल्या तर तो माफ होता. म्हणून त्या काळातल्या ब्रिटिश खासगी रेकॉर्डींत ९९ हा आकडा सारखा भेटतो. ब्लॅकपूलच्या कॉम्प्लेक्स या बँडची पहिली एलपी ९९ प्रतींची. केंब्रिजच्या फॉरएव्हर अँबरची १९६९ मधली ‘द लव्ह सायकल’ही ९९ प्रतींची. त्यामागे कुठलीही गूढ संख्या नाही, कर वाचवायचा होता. १ एप्रिल १९७३ ला व्हॅट आला, पर्चेस टॅक्स गेला आणि ९९ चं कारणही गेलं.

डार्कचा आकडा तर त्याही खाली आहे, म्हणजे करापलीकडे दुसरंही कारण असणार, आणि ते मला सरळ वाटतं. जेवढी माणसं तेवढ्या प्रती. विकायचीच नाही तर जास्त कशाला काढा? या रेकॉर्डबद्दल ‘हरवलेला खजिना’, ‘नाकारली गेलेली प्रतिभा’ अशी भाषा वापरली जाते तेव्हा मला ती पटत नाही. कुणी काही नाकारलं नव्हतं. कुणाला विचारलंच नव्हतं.

साठ प्रतींसाठी कारखाना चालवणं परवडतं का?

परवडत नाही, आणि गंमत इथेच आहे. रेकॉर्ड बनवण्याचा बहुतेक खर्च पहिल्या प्रतीआधीच होऊन जातो.

स्टुडिओत गाणी टेपवर घेतली जातात. त्या टेपवरून लाखेसारख्या रसायनाचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खोबणी कापतात. हे काम करणारा माणूस मुरलेला लागतो. बेस, म्हणजे खर्जातला आवाज, जास्त झाला तर खोबण्या एकमेकींत घुसतात, आणि आवाज कमी ठेवला तर पुढे खरखर वर येते. मग त्या चकतीवर चांदीचा बारीक थर देतात आणि विजेच्या हौदात निकेल चढवतात. निकेलचा पत्रा सोलून काढला की मिळतो उलटा ठसा, म्हणजे जिथे खोबणी होती तिथे उंचवटा. मोठ्या कंपन्या या ठशापासून दुसरा ठसा आणि त्यापासून तिसरा बनवत, म्हणजे लाखो प्रती काढता येत. छोट्या कामाला पहिलाच ठसा प्रेसमध्ये लावला तरी चालतो. त्यावर हजारभर प्रती आरामात निघतात. गरम विनाइलचा गोळा दोन ठशांमध्ये ठेवायचा, दाबायचा, पाण्याने थंड करायचा, कडा कापायच्या. एक प्रत व्हायला अर्धा-पाऊण मिनिट.

म्हणजे हजार प्रती काढू शकणारा ठसा बनवायचा, प्रेसवर चढवायचा, आणि साठ झाल्या की बंद करून उतरवायचा. लाडवांसाठी कढई तापवून, पाक करून, दहाच लाडू वळण्यासारखं आहे हे. दर प्रतीचा खर्च दुकानातल्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी जास्त पडणार हे उघड आहे. एखाद-दुसरीच प्रत हवी असेल तर ठशाच्या फंदात न पडता चकत्याच कापून घेत. पण ती कापलेली चकती मऊ असते, थोड्या वाजवण्यांत झिजते. ‘राउंड द एजेस’ रीतसर दाबून काढलेली आहे.

कव्हरवरही हौस केली होती. थोड्याच प्रतींना पुस्तकासारखं उघडणारं कव्हर आणि आत फोटोंची पुस्तिका, बाकीच्यांना साधं. एकाच रेकॉर्डचे असे प्रकार, त्यामुळे आज संग्राहकांची डोकी आणखी फिरतात.

बँडमध्ये कोण होतं?

स्टीव्ह जाइल्स : गिटार आणि गायन, बँड त्याचाच. मार्टिन वीव्हर : दुसरी गिटार. रॉन जॉन्सन : बेस. क्लाइव्ह थॉर्नीक्रॉफ्ट : ड्रम.

वीव्हरबद्दल थोडं जास्त. डार्कमध्ये येण्याआधी तो नॉर्दम्प्टनच्याच विकेड लेडी या तिघांच्या बँडमध्ये होता. तो बँड म्हणजे फझ, घाम आणि मोटरसायकलवाले श्रोते. त्यांची तर त्या काळात एलपीसुद्धा निघाली नाही. टेपा तशाच राहिल्या आणि नव्वदच्या दशकात ‘द ॲक्समन कमेथ’ आणि ‘सायकॉटिक ओव्हरकिल’ या नावांनी बाहेर आल्या. ते आधी ऐकून मग डार्क ऐकलंत तर कळतं की या बँडमधला राकटपणा कुठून आला, आणि जाइल्सच्या रचनांनी त्याला किती सरळ केलं.

नॉर्दम्प्टन म्हणजे कुठे आलं?

लंडनच्या वायव्येला, शंभरेक किलोमीटरवर. बूट बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या फुटबॉल संघाला आजही ‘कॉबलर्स’ म्हणजे चांभार म्हणतात. रॉकच्या नकाशावर हे गाव आलं १९७८ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या बँडमुळे. १९७२ मध्ये तिथे राहून रेकॉर्ड कंपनीच्या माणसाची नजर पडणं म्हणजे कोल्हापुरात एकांकिका करून मुंबईच्या निर्मात्याची वाट बघणं.

हौशी म्हणजे कच्चे का?

नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धा बघितलेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये.

बरं, थोडं उत्तर देतो. कच्चेपणा आहे, पण वाजवण्यात नाही, ध्वनिमुद्रणात आहे. आवाज कोरडा आहे, ड्रम थोडे खोक्यात वाजवल्यासारखे, आणि गाताना जाइल्स स्वतःच्या गिटारपुढे जरा संकोचतो. मोठ्या स्टुडिओतल्या निर्मात्याने हे सगळं गुळगुळीत केलं असतं. मग ती १९७२ मधल्या आणखी पन्नास एलपींसारखी वाजली असती.

ऐकायला कशी आहे?

गिटारची रेकॉर्ड आहे ही. कीबोर्ड नाही, बासरी नाही, त्या काळची आवडती वाद्यवृंदाची झालर नाही. दोन गिटार एकमेकींच्या अंगावरून जातात. कधी एक रिफ, म्हणजे परत परत येणारा सुरांचा छोटा तुकडा, धरून बसते आणि दुसरी वर फिरते, कधी दोघी समांतर चालतात, कधी भांडतात. फझ भरपूर. फझ म्हणजे गिटारचा आवाज इतका रेटायचा की लाटेचा शेंडाच कापला जातो. गणपतीच्या मांडवात कर्णा फाटेस्तोवर गाणं लावलं की सुरांच्या कडेला जी घरघर येते ना, तीच. इथे ती मुद्दाम, मोजून आणि सुरात.

पहिली बाजू : ‘डार्कसाइड’, ‘मेपोल’, ‘लिव्ह फॉर टुडे’. दुसरी : ‘आर. सी. ८’, ‘द कॅट’, ‘झीरो टाइम’. गाणी ऐसपैस आहेत, घाई कुठेच नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बहुधा ‘मेपोल’ पकडतं, कारण त्याची रिफ डोक्यात राहते. माझं मत विचाराल तर ‘डार्कसाइड’ आणि ‘झीरो टाइम’ हे दोन खांब आहेत आणि बाकीचा मांडव त्यांच्यावर उभा आहे. दुसऱ्या बाजूचा मध्य मला जरा सैल वाटतो. असं म्हटलं की काही मंडळी रागावतात. रागवोत बापडी. सहापैकी चार गाणी अव्वल असणं पुष्कळ झालं. त्या वर्षीच्या कितीतरी गाजलेल्या एलपींना ते जमलेलं नाही.

सगळ्यावर एक उदास सावली आहे. बँड मोडणार हे ठाऊक असल्यामुळे असेल, किंवा मी उगाच तसं ऐकतो.

ब्लॅक सबाथसारखी आहे का?

नाही. ब्लॅक सबाथ या ब्रिटिश बँडचं वजन खालून, खर्जातून येतं. डार्कचं सौंदर्य दोन गिटारांच्या विणकामात आहे. शेजारीच ठेवायची असेल तर त्याच वर्षी आलेल्या विशबोन ॲश या बँडच्या ‘आर्गस’शेजारी ठेवा, पण डार्क जास्त धुरकट आहे.

‘डार्कसाइड’ नाव पिंक फ्लॉइडवरून घेतलं का?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडची ती सुप्रसिद्ध ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च १९७३ ची. डार्कचं गाणं १९७२ चं, आणि बँडचं नाव आधीच डार्क होतं, त्यामुळे श्लेष करायला कुणाकडे जाण्याची गरज नव्हती. गंमत म्हणजे १९७२ मध्येच मेडिसिन हेड या आणखी एका ब्रिटिश बँडने ‘डार्क साइड ऑफ द मून’ याच नावाची एलपी काढून ठेवली होती.

साठच लोकांकडे होती तर जगाला कळलं कसं?

माणसं घरं बदलतात. मरतात. मुलं माळा रिकामा करतात आणि खोकी धर्मादाय दुकानात किंवा जत्रेतल्या टेबलावर जातात. तिथे सकाळी सहाला टॉर्च घेऊन येणारी एक जमात असते. त्यातल्या कुणीतरी अनोळखी नावाची रेकॉर्ड नाण्यांच्या भावात उचलायची, घरी वाजवायची आणि दोन दिवस झोपायचं नाही. मग कॅसेटवर कॉप्या निघायच्या, त्या जर्मनीला, जपानला पोस्टाने जायच्या. ऐंशीच्या दशकात सत्तरच्या खासगी रेकॉर्डी अशाच वर आल्या.

डार्कचं पुढे रीतसर पुनर्प्रकाशन झालं. नव्वदच्या दशकात किसिंग स्पेल या ब्रिटिश लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, सीडी काढली, नंतर इतरांनी विनाइलवरही आणली. मागणी इतकी झाली की बँड पुन्हा एकत्र आला. ज्यांनी फक्त आप्तांसाठी वाजवलं होतं, त्यांना वीसेक वर्षांनी अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागणं हे फार विचित्र वाटलं असणार.

मूळ प्रतीची किंमत किती?

हजारो पौंड, आणि कव्हर कुठल्या प्रकारचं यावर मोठा फरक. सत्तरच्या दशकातल्या सर्वांत महागड्या ब्रिटिश खासगी रेकॉर्डींमध्ये तिचं नाव घेतात. यापुढे मला विचारू नका. बोली लावणारे दोघे हट्टाला पेटले की किंमत ठरते, त्यात संगीताचा वाटा कमीच. साठ प्रतींची रद्दड रेकॉर्ड महाग होत नाही हे खरं, पण हीच रेकॉर्ड सहा हजारांत निघाली असती तर तीनशे रुपयांत मिळाली असती आणि तेवढीच चांगली वाजली असती.

चोरबाजारात एक दिसली, घेऊ का?

घ्या, पण पुनर्प्रकाशित प्रत समजून, त्या भावात. आधी कव्हरची मागची बाजू बघा. बारकोड असेल तर चर्चा संपली. दुकानातल्या मालावर बारकोडची सुरुवातच १९७४ मध्ये अमेरिकेत झाली, आणि ती च्युइंगमच्या पाकिटावरून. वेबसाइटचा पत्ता, ‘डिजिटल रीमास्टर’ ही अक्षरं, गाण्यांच्या यादीखाली ‘बोनस’ असं काही असेल तरी तेच. हातात घेतल्यावर रेकॉर्ड जाडजूड, १८० ग्रॅमची वाटली तर तीही अलीकडची. सगळ्यात शेवटी, खोबणी संपल्यावर लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा राहतो तिथे कोरलेले आकडे भिंगाने बघतात. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. कव्हर नकली छापता येतं, तो पट्टा नकली करणं फार कठीण.

आणि बनावट प्रत म्हणजे वाईटच आवाज असंही नाही. अनेक खासगी रेकॉर्डींच्या मूळ टेपाच उरलेल्या नसतात. टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरत. मग अधिकृत आवृत्तीसुद्धा कुणाच्या तरी जपलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवूनच बनते. मागे हलकी चुरचुर ऐकू आली तर चिडू नका.

जुनं, छोटं, कुणाला न माहीत असलेलं. फुकट डाउनलोड करायला काय हरकत आहे?

कायद्याची आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, ब्रिटनमध्ये आता ७०. १९७२ ची रेकॉर्ड म्हणजे आपल्याकडे २०३२ संपेपर्यंत, तिकडे २०४२. शिवाय वाजवणाऱ्यांना पहिल्या वेळी एक पैसा मिळालेला नाही, उलट खिशातून गेलेत. अधिकृत आवृत्ती विकत घेणं मला त्यामुळे जास्त बरं वाटतं.

आपल्याकडे असं काही झालं का?

हार्ड रॉक होता, खासगी रेकॉर्डी मात्र जवळपास नव्हत्या. कारण यंत्रं. इंग्लंडात छोटी स्टुडिओ मंडळी चार पैसे घेऊन कुणाचंही काम दाबून देत. अमेरिकेत तर चर्चच्या गायनवृंदांपासून शाळेच्या बँडपर्यंत सगळ्यांसाठी हा धंदाच होता. लॉस एंजेलिसच्या फ्रॅक्शन या बँडची १९७१ मधली ‘मून ब्लड’ अशीच दोनशे प्रतींत निघाली. भारतात रेकॉर्ड म्हटलं की कलकत्त्याजवळच्या डमडमचा ग्रामोफोन कंपनीचा कारखाना आणि सत्तरच्या सुमाराला आलेली पॉलिडॉर, एवढंच. कॉलेजातल्या चार पोरांनी जाऊन ‘आमच्या साठ काढून द्या’ म्हणावं असं ते दार नव्हतं.

मग वाट सापडली सिगारेटमधून. इम्पीरियल टोबॅकोने आपल्या सिमला ब्रँडच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ नावाची बँडची स्पर्धा भरवली, आणि तिच्यातल्या बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या. मुंबई, मद्रास, कलकत्ता, शिलाँग, कुठकुठली पोरं त्यात आहेत. आज त्या परदेशात पुन्हा छापल्या जातात.

मुंबईपुरतं बोलायचं तर ॲटॉमिक फॉरेस्ट हा रॉक बँड. पुढे त्यांची ‘ऑब्सेशन ’७७’ निघाली, पण ती म्युझिक इंडिया या कंपनीकडून, तेव्हा प्रायव्हेट प्रेस म्हणता येणार नाही. नशीब मात्र डार्कसारखंच. त्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि २०११ मध्ये नाउ-अगेन या अमेरिकन लेबलने ती शोधून पुन्हा काढली. जाता जाता : डार्क नॉर्दम्प्टनमध्ये आपली आठवण टेपवर घेत होते त्याच १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांबरोबर त्यांनी रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत वाजवूनही गेले. तिथे तेव्हा कुणी टेपरेकॉर्डर नेला असता तर!

हातचं छापून आपसांत वाटणं आपल्याला नवं नव्हतं, हेही सांगायला हवं. साठच्या दशकातली मराठी लघुनियतकालिकं सायक्लोस्टाइल करून, मोजक्या प्रतींत, हातोहात फिरली. कागदाचं यंत्र पोरांच्या आवाक्यात होतं, विनाइलचं नव्हतं.

काका लंडनला असायचे. त्यांच्या खोक्यात खरंच मूळ प्रत निघाली तर?

पहिलं, ओल्या फडक्याने पुसू नका. रॉकेल, स्पिरिट, ‘आमच्याकडे नेहमी असंच करतात’ हे तर मुळीच नको. कडांना धरा, खोबणीला बोट लावू नका. आजोबांच्या जड सुईच्या ग्रामोफोनवर वाजवू नका. उभी ठेवा, एकावर एक रचू नका, आणि उन्हाच्या खिडकीत तर नकोच. मेमधल्या नागपुरात ती दुपारपर्यंत पापड होईल. आतली पुस्तिका असली तर तिला सेलोटेप लावायची ऊर्मी आवरा.

मग मला फोन करा. घ्यायची ऐपत नाही, पण बघायला येईन. चहा तुमच्याकडे.